बायाक्काच्या विहिरीशेजारचं बोअर

बायाक्का पाणी प्यायला द्यायची आणि समोर उभी राहायची. घरी आलेला पाहुणा असो, गॅसची टाकी आणणारा असो, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार असो. तांब्या हातात दिला की ती कमरेवर हात ठेवून त्याच्या गळ्याकडं बघत राहायची. शेवटचा घोट उतरला की विचारायची, "कसं हाय?"

"बरं आहे" म्हणणाऱ्याला दुसरा तांब्या मिळायचा आणि पुन्हा तोच प्रश्न. आभार मानणाऱ्यावर ती उखडायची. "आबार कशापायी? चव सांगा की. जीभ हाय न्हवं तोंडात?" त्या पाण्याला एकच उत्तर होतं, गोड, आणि ते खरंही होतं. मी फौंड्रीत हिशेबाचं काम करतो. कुणी सांगितलं म्हणून एखादी गोष्ट मी लगेच मान्य करत नाही. तिच्या विहिरीचं पाणी आणि आसपासच्या दोन बोअरचं पाणी मी एकदा बाटल्यांत भरून तपासायला दिलं. तिच्या पाण्यात क्षार सगळ्यांत कमी निघाले. तो अहवाल घेऊन मी मोठ्या हौसेनं तिच्याकडं गेलो. तिनं कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि परत दिला.

"कागदाला चव कळती व्हय, पावणं? प्यालासा तवाच का न्हाय सांगितलं?"

गडमुडशिंगीत आम्ही प्लॉट घेतला आणि घर बांधलं, तेव्हा शेजार म्हणून ती मिळाली. आमच्या कंपाउंडला लागून तिचा जमिनीचा पट्टा. त्यात थोडा ऊस, दोन म्हशी, पत्र्याचं घर आणि मधोमध विहीर. सत्तरीची होती. उंच, रुंद हाडांची, आवाज असा की रस्त्यापलीकडं चरणारी म्हैस मान वर करायची. आमच्या भागातल्या बायकांसारखी ती "मी जातो, मी येतो" असं बोलायची, आणि तिच्या तोंडी ते शोभायचं. ती गेल्या पावसाळ्यात गेली. गल्लीतले लोक अजून तिच्याबद्दल बोलताना आवाज थोडा मोठा करतात, जणू ती तशी बोलायची म्हणून तिच्याबद्दलही तसंच बोललं पाहिजे.

आमची गल्ली नवी. बहुतेक घरं माझ्यासारख्या नोकरदारांची, कुणी एमआयडीसीत, कुणी शहरात दुकानात. ग्रामपंचायतीचं पाणी एक दिवसाआड यायचं आणि चैत्र लागला की तेही भरवशाचं नसायचं. मग सगळ्यांचे पाय बायाक्काच्या विहिरीकडं वळायचे. तिनं कुणाला कधी नाही म्हटलं नाही. पण तिथं तिचा एक नियम होता. ज्याचं त्यानं शेंदायचं. कुणी कुणाच्या घागरीत वतायचं नाही.

नवऱ्यानं बायकोसाठी शेंदलं तर चालायचं, लेकीनं आईसाठी शेंदलं तरी चालायचं, पण नोकराकरवी नाही. गल्लीतल्या एका घरी धुण्याभांड्याला बाई होती. त्या घरच्या वहिनींनी घागर घेऊन तिला पाठवलं, तर बायाक्कानं तिला बसवून चहा पाजला आणि रिकाम्या घागरीनं परत धाडलं. "तुझ्या मालकिणीला सांग, हीर लांब न्हाय." वहिनी दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या. दोर कसा सोडायचा, कळशी कडेच्या दगडावर न आपटता खाली कशी जाऊ द्यायची, पाण्याला टेकली की मनगटाला हिसका कसा द्यायचा, हे बायाक्कानं त्यांना शिकवलं. त्या शिकल्या तेव्हा तिचा चेहरा असा होता, जणू आपलीच नात पहिली आली. आमच्या गल्लीत तात्या म्हणून एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, त्यांचे हात कापतात. त्यांच्यासोबत ती स्वतः दोर धरायची, पण तात्यांना सोडू द्यायची नाही. "धरा, तात्या. तिकिटं फाडताना न्हाय कापले ते."

हा नियम कुठून आला ते तिनं माझ्या बायकोला, वैशालीला, एकदाच सांगितलं. बायाक्काचं माहेर नेसरीकडचं. तिथं लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या बायका दुसऱ्यांच्या विहिरीजवळ घागरी मांडून बसायच्या, कुणीतरी येऊन वरून ओतेल म्हणून. "वरनं वतायचे," ती म्हणाली. "आमी खाली बसायचो. कवा येतील त्यांची मर्जी." लग्न होऊन ती इकडं आली. नवरा फौंड्रीत साचे भरायचा. त्यानं पैसे साठवून हा माळ घेतला, कारण तो कुणाला नको होता. वीतभर मुरूम आणि खाली दगड. तीन उन्हाळे त्यांनी दोघांनी आणि दिरानं मिळून तिथं विहीर खोदली. सुरुंग लावायला तेवढा बाहेरचा माणूस आणला. बाकी दगड तिनं पाटीतून वर काढला. पाणी लागलं तेव्हा नवरा खाली होता आणि ती वर. त्यानं हाक मारली नाही, खालून नुसता हसायला लागला. हे सगळं सांगताना, वैशाली म्हणते, तिच्या आवाजात कुठं रड नव्हती, उलट एखाद्या पैलवानानं कुस्ती सांगावी तसं सांगत होती. शेवटी म्हणाली, "आता माझ्या हिरीवर कुणी कुणाची वाट बघत बसायचं न्हाय."

दुसरीकडचं पाणी तिला चालायचं नाही. लग्नाला जाताना ती पाच लिटरचा तेलाचा कॅन धुऊन त्यात आपलं पाणी न्यायची आणि जेवणाच्या पंगतीत शेजारच्यांनाही वाढायची. धाकटा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्यानं फ्लॅट घेतला तेव्हा महिनाभर राहायचं ठरवून गेली आणि आठवड्याच्या आत परत आली. मुलाचं काय बिनसलं म्हणून आम्ही घाबरलो.

"बिनसतंय कशाला? पोरगं ग्वाड हाय, सून ग्वाड हाय. पाणी तेवढं उकळल्याल्या पितळंगत लागतंय. चार दिस कसं तरी गिळलं, मग म्हटलं, मी जातो."

"मशीन बसवलंय ना त्यांनी, आक्का? शुद्ध करायचं?" वैशाली म्हणाली.

"त्येच. त्यातनं काय ऱ्हातंय मग पाण्यात?"

आता बोअरचं. घरं वाढत गेली तशी विहिरीची पातळी मे महिन्यात फार खाली जायला लागली. मी अंदाज मांडला. गल्लीत अजून चार घरं बांधायला निघाली होती. पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत विहीर पुरली नसती; लोकांनाही नाही आणि तिच्या म्हशींनाही नाही. आम्ही आमच्यापुरतं बोअर पाडलं तर तेवढा तरी भार कमी होईल, असा माझा हिशेब होता. पण बोअर तिच्या विहिरीच्या इतकं जवळ, की ते तिच्या पाण्याच्या मुळावर येईल ही भीतीही त्याच हिशेबात होती. ग्रामपंचायतीची परवानगी मिळाली होती. तरी मी आधी तिच्याकडं गेलो.

"जागा तुमची, बोअर तुमचं, आन् इचारतासा मला?" तिनं म्हशीची धार काढता काढता विचारलं.

"विहीर जवळ आहे, आक्का. तुमच्या पाण्याला धक्का लागू शकतो. लांबच्या कोपऱ्यात घेतोय, तरी सांगता येत नाही."

ती धार काढत राहिली. नुसता बादलीत धारेचा आवाज. मग म्हणाली, "तुमच्या बायकूची पाठ दुखती. गेल्या साली दोर वडताना बसली हुती मटकन. पाडा. मी हो म्हटलं. पण मशीन आलं की हाक मारायची. मला बगायचं हाय."

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी दोरीला दगड बांधून तिच्या विहिरीची पातळी मोजायला लागलो, म्हणजे नंतर काय बदल झाला ते कळावं. तिनं आठवडाभर हे बघितलं.

"हिरीला ताप आलाय व्हय, पावणं? रोज नाडी बगतासा."

बोअरची गाडी यायची होती त्या दिवशी रस्ता अरुंद पडला. वळणावर गाडी बसेना. बायाक्कानं काही न विचारता आपल्या कुंपणाची तार सोडवली, खुंट्या उपटल्या आणि गाडी स्वतःच्या अंगणातून आत घेतली. गाडी तामिळनाडूची, माणसंही तिकडची. मशीन चालवणारा मुरुगन म्हणून तिशीचा माणूस होता, त्याला मोडकं हिंदी यायचं. बायाक्काला माहेरामुळं थोडं कानडी यायचं. तिनं त्याच्याशी कानडी सुरू केलं. तो म्हणाला, "अम्मा, मैं तमिळ." ती म्हणाली, "आसू दे, शेजारीच की," आणि कानडीतच बोलत राहिली. दिवसाअखेरीला ते दोघे एकमेकांशी व्यवस्थित भांडत होते.

नारळ फोडला आणि मशीन सुरू झालं. ज्यानं बोअर पडताना पाहिलं नाही त्याला सांगतो, तो आवाज कानांना नाही, पोटाला लागतो. हवेच्या जोरानं हातोडा खाली दगड फोडतो आणि भुकटी वर उडते. आधी तांबडा मुरूम आला. तो संपेपर्यंत लोखंडी पाईप घातला. मग काळा दगड लागला आणि भुकटी राखाडी झाली. बायाक्का पालथ्या बादलीवर पदर नाकाला लावून बसली होती. प्रत्येक नवा रॉड जोडला की ती मला विचारायची, "किती?" मी फूट सांगायचो. ती मान हलवायची, जणू तिनं कुठंतरी ते आधीच मोजून ठेवलं होतं.

एकशेदहा फुटांच्या आसपास भुकटी ओली यायला लागली. मुरुगननं हात वर केला. पुढच्या दोन मिनिटांत पाण्याचा असा फवारा उडाला की आम्ही सगळे राखाडी चिखलानं माखलो. तात्या टाळ्या वाजवायला लागले. वैशाली हळद-कुंकवाचं ताट आणायला आत पळाली. मुरुगन म्हणाला, दोन इंची धार तर नक्की. मी मनातल्या मनात टाकीचा आकार वाढवत होतो. तेवढ्यात विहिरीकडून बायाक्काची थोरली सून सविता ओरडली.

"आत्ती, हिकडं या. हिरीत उकळी फुटलीया."

आम्ही धावलो. विहिरीच्या एका कोपऱ्यातून बुडबुडे वर येत होते, मोठे, भराभर, भाताच्या आधणासारखे. आणि त्या कोपऱ्यातून पाणी पांढुरकं होत सगळीकडं पसरत होतं. आमच्या बोअरमधली हवा आणि दगडाची भुकटी आतल्या चिरेतून थेट तिच्या विहिरीत निघत होती. म्हणजे आम्हाला लागलेलं पाणी कुठलं होतं हे कुणी सांगायची गरज उरली नाही. ताट घेऊन आलेली वैशाली तशीच कंपाउंडपाशी थांबली. मी हात करून मशीन बंद करायला लावलं.

आवाज थांबल्यावर सगळ्यांच्या तोंडून शब्द फुटले. कुणी म्हणालं, पावण्यानं आक्काची हीर फोडली. कुणी म्हणालं, जागा त्यांची, पाणी त्यांचं, कायदा तसाच आहे. तात्या म्हणाले, "दोन इंच पाणी सोडतंय कोण?" बायाक्का विहिरीच्या काठावर उभी होती. तिनं कुणाकडंही पाहिलं नाही. पाणी दुधाळ होत होत शेवटचा काळा कोपरा गेला, तोपर्यंत ती तशीच उभी होती. त्या विहिरीत तिच्या गेलेल्या नवऱ्याचं ते हसणं होतं, तीन उन्हाळे होते. मी तिला म्हणालो, "आक्का, मी हे बोअर बुजवतो. आत्ताच्या आत्ता."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला शिवी दिली होती.

"बुजवतासा? मी हो म्हटलं हुतं तुमाला. हीर माझी, तसा शबूदबी माझाच हाय." मग मुरुगनकडं वळून म्हणाली, "ए बाबा, ही वाट बंद करता येती का? माझी वाट? आन् मग खाली जायचं."

त्याला समजवायला वेळ लागला. समजल्यावर तो हसला. येतं, म्हणाला. अजून थोडं खाली, सलग दगडापर्यंत जायचं. मग आत दुसरा बारीक पाईप उतरवायचा, त्याच्या बाहेरच्या फटीत सिमेंट ओतायचं, आणि ते घट्ट झालं की बारीक पाईपच्या आतून पुढं जायचं. पण खाली पाणी लागेलच असं नाही. "पानी बंद करने को कोई नहीं बोलता, अम्मा. सब बोलते, पानी निकालो."

आता प्रश्न आमचा होता. हातात आलेलं पाणी सिमेंटनं बंद करायचं आणि कोरड्या दगडात नशीब बघायचं. मी वैशालीकडं पाहिलं. ताटातला दिवा तिनं हातानं झाकला होता.

"घाला पाईप," ती म्हणाली. "ते आक्काचंच पाणी आहे. आपण नुसतं दार उघडलं."

बायाक्कानं वैशालीच्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतःच्या विहिरीला ओवाळलं. दुधाळ, उकळी फुटलेल्या विहिरीला. असं करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

सिमेंट घट्ट व्हायला रात्र जाणं भाग होतं. बोअरची गाडी ठरवून देणाऱ्या एजंटचा फोन आला की दुसरं काम थांबलंय, गाडी लगेच सोडा. मुरुगन फोनवर "हां जी, हां जी" करत होता. बायाक्कानं त्याच्या हातातून फोन घेतला.

"कोण बोलतंय? हां. गाडी माझ्या दारात हाय. माझ्या दारात आलेला माणूस जेवल्याबिगर जात न्हाय. तुमीबी या जेवायला." आणि फोन परत देऊन टाकला.

तिनं कोंबडं कापायला सांगितलं, मग दोन सांगितली, मग गल्ली बघून मटणच आणायला लावलं. दुपारपासून सविता आणि गल्लीतल्या बायका मसाला वाटत होत्या. तांबडा रस्सा एवढा झणझणीत की मुरुगनच्या हाताखालची पोरं नाक पुसत पुसत तिसऱ्यांदा वाटी पुढं करत होती. आमच्या गल्लीतली दोन घरं अशी होती, जी तिच्या विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं प्यायची, पण तिच्या घरी कधी जेवायला बसली नव्हती. त्या संध्याकाळी बसली. बायाक्कानं त्यांना वेगळं काही म्हटलं नाही. सगळ्यांसारखंच विचारलं, "मीठ बराबर हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीन सुरू झालं, आता बारीक हातोड्यानं. दीडशे गेलं, दोनशे गेलं. कोरडी भुकटी. सगळ्या अंगणावर राख पडल्यासारखी. आता बायाक्का बादलीवर बसेना. ती येरझाऱ्या घालत होती, मुरुगनला चहा देत होती आणि चहा देता देता त्याला झापत होती, जणू तो मुद्दाम पाणी अडवून बसला होता. तिचा जीव आता तिच्या विहिरीत नव्हता, आमच्या भोकात होता. अडीचशेला तात्या म्हणाले, "आक्का, तुझ्यापायी पावण्याचं पाणी गेलं बघ."

"गप बसा. कंडक्टरनं गाडी थांबायच्या आत उतरू ने."

तीनशेला मी थांबायचं ठरवलं. आमच्या खर्चाची हद्द आली होती. मी तसं म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "अजून दोन रॉड. त्यानं न्हाय लागलं तर माझ्या हिरीतनं पाईप घ्या तुमच्या टाकीला. मी सांगतो म्हणून घ्या." पहिला रॉड कोरडा गेला. दुसऱ्याच्या शेवटाला भुकटीचा रंग गडद झाला. मुरुगननं ती चिमटीत घेऊन दाबली आणि तिचा गोळा झाला. मग अजून थोडं खाली गेल्यावर पाणी आलं. फवारा नव्हता. एक इंचालाही कमी. पण संथ, एकसारखं. आणि बायाक्काची सून विहिरीवर उभी राहून ओरडली की बुडबुडे नाहीत.

मोटर बसवली त्या दिवशी चाचणीसाठी थोडा वेळ चालवली. पहिला तांब्या वैशालीनं बायाक्काला दिला आणि कमरेवर हात ठेवून तिच्या गळ्याकडं बघत उभी राहिली. "कसं आहे, आक्का?"

बायाक्कानं घोट घेतला. तोंडात घोळवला. सगळी गल्ली बघत होती.

"खारट," ती म्हणाली. "भांड्याला चालतंय, न्हाणीला चालतंय. प्यायला माझ्या हितनंच न्या."

कुणाला वाईट वाटायला नको म्हणून दुसऱ्यानं काही गोड बोललं असतं. तिच्या तोंडून ते निघणार नव्हतं, आणि वैशालीलाही नको होतं.

पण प्यायला न्यायचं कुठून? विहीर तशीच दुधाळ. एक दिवस गेला, चार दिवस गेले. भुकटी खाली बसेना. गल्लीनं टँकर मागवला. लोक आता आमच्या दारावरून जाताना थोडं मोठ्यानं बोलायचे. बायाक्कानं एकदोघांना थांबवून विचारलं, "हो कुणी म्हटलं हुतं? मी. मग माझ्या दारात येऊन बोला." म्हशींना ती टँकरचं पाणी पाजायची आणि स्वतः शेजारच्या वाडीतून आणवलेलं प्यायची, तोंड वाकडं करून. तिला झोप नव्हती हे सविता वैशालीला सांगायची. मी आमच्या मोटरचा स्विच बंद ठेवला होता. विहीर स्वच्छ होईपर्यंत आमचं पाणी वापरायचं नाही असं घरात ठरलं होतं. पण खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो तिलाही ठाऊक होता. सिमेंटनं वाट खरंच बंद झाली का? की मोटर रोज चालली की तिचं पाणी हळूहळू आमच्याकडं ओढलं जाणार? तसं झालं असतं तर बोअर बंद करण्याशिवाय इलाज नव्हता, आणि तिनं आम्हाला दिलेला शब्दही मोडला असता.

शेवटी तिनं विहीर उपसायचं ठरवलं. दोन मोटरी लावून सगळं पाणी उसात सोडलं. तळाला दगडाच्या पिठाचा गाळ साचला होता, तो मजुरांनी काढून वर दिला. विहीर रिकामी झाली आणि तिचा तळ दिसला, जो गल्लीतल्या कुणी कधी पाहिला नव्हता. तेव्हा ती म्हणाली, "मी खाली जातो."

सविता म्हणाली, "आत्ती, पायऱ्या निसरड्या हायत. तुमचं गुडघं बघा." तात्याही तेच म्हणाले, मीही तेच म्हणालो. तिनं पदर खोचला, साडी गुडघ्याच्या वर घेतली आणि भिंतीतल्या दगडी पायऱ्यांवरून, एक हात भिंतीला लावत, उतरायला लागली. अर्ध्यावर थांबली. आम्हाला वाटलं दमली. ती एका दगडावरच्या सुरुंगाच्या जुन्या खुणेवर बोट फिरवत होती. मग पुढं उतरली. तळाला पोचल्यावर ती एवढीशी दिसत होती, हिरवा पदर आणि पांढरे केस. तिनं सरळ त्या कोपऱ्याकडं जाऊन दगडातल्या चिरेला हात लावला. तिथून पाणी पाझरत होतं, बोटाएवढं, स्वच्छ.

"पावणं," ती खालून म्हणाली. आवाज विहिरीत घुमून वर आला. "तुमची मोटर लावा."

मी घरात गेलो आणि स्विच दाबला. आमची मोटर गुणगुणायला लागली आणि टाकीत पाणी पडायचा आवाज सुरू झाला. परत येऊन मी काठावर उभा राहिलो. सगळी गल्ली उभी होती. ती खाली एका उलट्या पाटीवर बसली आणि त्या चिरेकडं तोंड करून बघत राहिली. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. ऊन सरकत विहिरीच्या भिंतीवरून खाली आलं आणि तिच्या पायांपर्यंत पोचलं. आमची टाकी भरत आली होती. मी वरून चिरेकडं बघायचा प्रयत्न करत होतो, पण एवढ्या वरून धार बारीक झाली की तेवढीच आहे हे कळत नव्हतं.

तासाभरानं मला राहवलं नाही. "आक्का, बंद करू का मोटर?"

तिनं आधी चिरेला हात लावला. मग तोच ओला हात पदराला पुसला आणि मान वर केली. त्यानंतरही ती माझ्या शेजारी दोन उन्हाळे जगली, रोज दिसायची, रोज बोलायची. पण ती आठवली की मला तिचा तोच वर केलेला चेहरा दिसतो, तळातून आमच्याकडं बघणारा.

"बंद कशाला?" ती म्हणाली. "धार हाय तेवढीच हाय. चालू दे की. आन् चहा सोडा दोरानं खाली. मी एवढ्यात वर येत न्हाय."